तेले सांताना : सुंदर खेळाचा हिशेब



ज्या क्रीडाशिक्षकांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांनी आयुष्यभर मुलांना खेळायला शिकवलं. म्हणून यंदाचा विषय निवडताना मी खेळाडू बाजूला ठेवला आणि शिकवणारा माणूस घेतला. ब्राझीलचे फुटबॉल प्रशिक्षक तेले सांताना. विश्वचषकाच्या महिन्यात आपल्याकडे पेठापेठांत ब्राझीलचे हिरवे-पिवळे झेंडे लागतात. पण पेले, झिको, रोनाल्डो ही नावं ज्यांच्या जिभेवर असतात, त्यांतल्या अनेकांना तेले सांताना माहीत नसतात. आणि ज्यांना माहीत असतात, त्यांचं एक ठरलेलं वाक्य असतं : ‘काय खेळायचा हो त्यांचा संघ! पण जिंकला कुठे?’

आज मला या वाक्याशीच भांडायचं आहे. या वाक्यात एक समजूत दडलेली आहे. सुंदर खेळणं ही चैन आहे, ती परवडली तर करावी आणि जिंकायचं असेल तर पहिल्यांदा सोडावी, अशी ती समजूत. तेले सांताना यांचं नाव या समजुतीचा पुरावा म्हणून घेतलं जातं. त्यांची सगळी कारकीर्द पाहिली, तर ते नेमके उलट्या बाजूचे साक्षीदार ठरतात.

१

तेले यांचा जन्म २६ जुलै १९३१ चा. गाव इताबिरितो, मिनास जेराइस राज्यातल्या लोहखनिजाच्या टापूतलं. तिथून ते रिओला फ्लुमिनेन्से क्लबात आले आणि १९५० चं जवळजवळ अख्खं दशक तिथेच खेळले. अंगाने काटकुळे. एका क्रीडा दैनिकाने त्यांच्यासाठी टोपणनावाची स्पर्धा घेतली आणि त्यातून ‘आशेचा धागा’ हे नाव त्यांना चिकटलं. सामना हातातून गेला असं वाटत असताना हा काडीपैलवान कुठून तरी गोल काढायचा, म्हणून.

खेळायचे उजव्या विंगला. त्या काळचा विंगर म्हणजे रेषेजवळ उभा राहून चेंडूची वाट पाहणारा गडी. तेले मात्र चेंडू गेला की मागे धावत येऊन मिडफिल्डला हात द्यायचे. हे त्यांना कुणी शिकवलं? त्यांचे प्रशिक्षक झेझे मोरेरा. मोरेरा हे झोन पद्धतीच्या बचावाचे ब्राझीलमधले मोठे पुरस्कर्ते. त्यांच्या फ्लुमिनेन्सेने १९५१ ची रिओची स्पर्धा जिंकली, ती पुष्कळशी एक-शून्यच्या चिवट विजयांवर. पुढे आक्रमक फुटबॉलचा ऋषी म्हणून ज्यांची मूर्ती घडवली गेली, ते अशा बचावाच्या शाळेत तयार झाले होते. बचाव कशाशी खातात हे त्यांना ठाऊक नव्हतं, हा आरोप इथेच निकालात निघतो.

प्रशिक्षक म्हणूनही ते पहिल्यापासून जिंकत आले. १९६९ मध्ये फ्लुमिनेन्सेला रिओचं विजेतेपद. पुढच्या वर्षी अ‍ॅट्लेटिको मिनेरोला मिनासचं. १९७१ मध्ये ब्राझीलची राष्ट्रीय स्पर्धा नव्या स्वरूपात सुरू झाली आणि तिचा पहिला विजेता तेले यांचाच अ‍ॅट्लेटिको. शेवटच्या सामन्यात रिओच्या माराकाना मैदानावर बोताफोगोविरुद्ध दारियोने हेडरवर मारलेला एकमेव गोल पुरेसा ठरला.

मग दक्षिणेत पोर्तो अलेग्रेला ग्रेमियो. तिथे शेजारचा इंटरनासिओनाल सलग ८ वर्षं राज्य स्पर्धा जिंकत होता. १९७७ मध्ये तेले यांच्या ग्रेमियोने ती मालिका तोडली. निर्णायक गोल करणाऱ्या आंद्रे कातिंबाने आनंदाच्या भरात हवेत कोलांटी मारायला झेप घेतली, ती अर्ध्यात फसली, गडी तोंडावर आपटला आणि दुखापतीने त्याला बाहेर जावं लागलं. त्या कोलांटीचं छायाचित्र आजही पोर्तो अलेग्रेत प्रसिद्ध आहे.

१९७९ च्या डिसेंबरात त्यांच्या पाल्मेरासने माराकानावर, लाखाहून जास्त प्रेक्षकांसमोर, झिकोच्या फ्लामेंगोला ४-१ असं धुतलं. दोन महिन्यांत राष्ट्रीय संघ त्यांच्या हाती आला.

२

तो काळ लक्षात घ्या. ब्राझीलमध्ये १९६४ पासून लष्करी राजवट होती. १९७० चा विश्वचषक जिंकल्यानंतर त्या राजवटीने फुटबॉलचा प्रचारासाठी भरपूर वापर करून घेतला. १९७४ आणि १९७८ चे संघ मात्र युरोपची नक्कल करू लागले होते : जास्त ताकद, जास्त धसमुसळेपणा. १९७८ चे प्रशिक्षक क्लॉदियो कौतिन्यो हे स्वतः लष्करातले कॅप्टन. १९८० येईपर्यंत राजवट सैल पडायला लागली होती, वर्तमानपत्रं मोकळं लिहू लागली होती, आणि तेले यांचा कर्णधार सॉक्रेटिस हा डॉक्टरकीची पदवी घेतलेला गडी आपल्या कोरिंथियन्स क्लबात लवकरच सगळे निर्णय मतदानाने घ्यायला लावणार होता.

या वातावरणात तेले यांनी संघ उभा केला. १९८१ च्या मे महिन्यात तो युरोपात गेला आणि एकाच दौऱ्यात वेम्बलीवर इंग्लंडला १-० ने, पॅरिसमध्ये फ्रान्सला ३-१ ने आणि स्टुटगार्टला पश्चिम जर्मनीला २-१ ने हरवून आला. वेम्बलीवर इंग्लंडला हरवणारा दक्षिण अमेरिकेतला तो पहिला देश.

मग स्पेन, १९८२. सोव्हिएत संघाविरुद्ध पहिल्याच सामन्यात गोलकीपर वाल्दिर पेरेसच्या हातून लांबचा साधा फटका निसटला. मध्यंतरानंतर सॉक्रेटिस आणि एडेरने दोन लांब पल्ल्याचे बॉम्ब टाकून सामना फिरवला. स्कॉटलंडला ४, न्यूझीलंडला ४, आणि गतविजेत्या अर्जेंटिनाला ३-१. त्या सामन्यात वैतागलेल्या मॅराडोनाने बतिस्ताला लाथ मारली आणि तो लाल कार्ड घेऊन बाहेर गेला.

मिडफिल्डला सेरेझो, फाल्काव, सॉक्रेटिस आणि झिको असे चौघे. कुणाची जागा ठरलेली नाही. एक पुढे सरकला की दुसरा न सांगता त्याच्या जागी येतो. पण चौघांना बसवायचं तर कुणाला तरी उठवावं लागणार, आणि उजवा विंगर उठला. देशभर ओरड झाली. जो सोआरेस या विनोदी नटाने टीव्हीवर एक पात्र उभं केलं होतं. ते सार्वजनिक फोनवरून प्रशिक्षकाला सारखं एकच विनवायचं : विंगर घाला हो, तेले! आख्खा देश ते वाक्य म्हणू लागला. एकेकाळचा उजवा विंगर उजव्या विंगरशिवाय खेळतोय, याची गंमत कुणाच्या नजरेतून सुटली नव्हती.

३

५ जुलै १९८२. बार्सिलोनातलं सारिया मैदान. ब्राझीलला उपांत्य फेरीसाठी बरोबरी पुरेशी होती. समोर इटली : पहिल्या गटात तिन्ही सामने बरोबरीत सोडवून कसाबसा वर आलेला संघ. त्यांचा सेंटर फॉरवर्ड पावलो रॉसी सट्टेबाजीच्या प्रकरणातली दोन वर्षांची बंदी संपवून नुकताच परतलेला, आणि स्पर्धेत तोवर एकही गोल न केलेला.

हा सामना दंतकथेत असा सांगतात : ब्राझील बेभान होऊन हल्ले करत राहिला, बचाव विसरला, म्हणून हरला. आपण तिन्ही गोल एकेक करून पाहू.

पहिला, पाचव्या मिनिटाला. इटलीचा डावा बॅक काब्रिनी मोकळ्या जागेत चेंडू घेतो, क्रॉस टाकतो, रॉसीचं हेडर. काब्रिनीला मोकळीक का मिळाली? कारण ब्राझीलच्या उजव्या बाजूला त्याला अडवून धरणारा विंगरच नव्हता. म्हणजे टीव्हीवरच्या त्या पात्राचं म्हणणं खरं होतं. ही तेले यांची चूक, आणि ती त्यांच्याच नावावर मांडली पाहिजे.

सॉक्रेटिसने बाराव्या मिनिटाला बरोबरी साधली. दुसरा गोल पंचविसाव्या मिनिटाला. सेरेझोने आपल्याच अर्ध्यात आडवा पास दिला, कुणासाठी ते आजही कळत नाही. रॉसी मधे घुसला आणि एकटा पुढे जाऊन गोल करून आला. हा हल्ल्याचा हव्यास नव्हता. एका उत्तम खेळाडूचा एक वाईट पास होता.

६८ व्या मिनिटाला फाल्कावने २-२ केलं. तो गोल पाहताना फाल्कावकडे न पाहता सेरेझोकडे पाहा. तो उजवीकडून जीव खाऊन धावतो, इटलीचे बचावपटू त्याच्यामागे ओढले जातात आणि फाल्कावला मारायला जागा मिळते. आता बरोबरी झाली, ब्राझील उपांत्य फेरीत. दंतकथा म्हणते, तेले यांनी इथे थांबायला हवं होतं. प्रत्यक्षात पुढच्याच मिनिटाला त्यांनी सेंटर फॉरवर्ड सेर्जिन्योला बाहेर काढलं आणि पावलो इसिदोरो हा मिडफिल्डर आत घातला. बेभान माणूस असा बदल करत नाही.

तिसरा गोल ७४ व्या मिनिटाला, कॉर्नरवर. ब्राझीलचा बहुतेक सगळा संघ स्वतःच्या पेनल्टी क्षेत्रात मागे आलेला. चेंडू अर्धवट बाहेर काढला गेला, तार्देल्लीने तो परत आत मारला, ज्युनियर गोलजवळ मागे राहिल्याने रॉसी ऑफसाइड ठरला नाही, आणि रॉसीने पाय लावला. म्हणजे ज्या गोलाने ब्राझील बाहेर गेला, तो संघ बचाव करत असताना बसला. शेवटी ऑस्करचं हेडर चाळिशीच्या झॉफने गोलरेषेवर दाबून धरलं. आणि न्यायाने हेही सांगायला हवं, की इटलीचा अँतोन्योनीचा एक गोल पंचांनी चुकीने ऑफसाइड ठरवला होता. इटली चोरून जिंकली नाही.

सामन्यानंतर तेले पत्रकार परिषदेला आले तेव्हा जगभरचे वार्ताहर उठून टाळ्या वाजवत होते. त्या टाळ्यांनी त्यांचं नुकसानच केलं असं माझं मत आहे. त्या दिवसापासून ते ‘सुंदर पराभवाचे’ मानकरी झाले, आणि बाकीची कारकीर्द त्या टाळ्यांखाली गाडली गेली.

४

काही वर्षं सौदी अरेबियात काढून ते १९८५ मध्ये राष्ट्रीय संघाकडे परतले. १९८६ च्या मेक्सिकोला जाण्याआधी रात्री उशिरा परतल्याच्या बेशिस्तीवरून त्यांनी रेनातो गाउशोला वगळलं. त्याच्यासाठी लेआंद्रोने संघच सोडला. दोन मोहरे गेले, पण तेले हटले नाहीत. हा हट्टी स्वभाव त्यांच्या गुणांत धरायचा की दोषांत, याचं उत्तर निकालावर ठरवलं जातं आणि मला ते बरोबर वाटत नाही.

झिकोचा गुडघा जायबंदी होता. संघ १९८२ इतका देखणा नव्हता, पण पक्का होता. पाच सामन्यांत त्याने १० गोल केले आणि फक्त १ खाल्ला. तो एकमेव गोल प्लातिनीचा, ग्वादालाहाराला फ्रान्सविरुद्ध. त्या सामन्यात बदली म्हणून नुकत्याच उतरलेल्या झिकोची पेनल्टी बात्सने अडवली, १-१ अशी बरोबरी राहिली, आणि शूटआउटमध्ये सॉक्रेटिस आणि ज्युलियो सेझार चुकले. ब्राझील बाहेर.

आता आकडे मांडू. दोन विश्वचषकांत तेले यांच्या संघाने १० सामने खेळले : ८ जिंकले, १ बरोबरीत, १ हरला. एकदा सैल बचावाने घात केला म्हणावं, तर दुसऱ्यांदा बचाव अभेद्य असून तोच शेवट. पण ब्राझीलने आकड्यांचा हिशेब केला नाही. त्यांनी तेले यांना पांढऱ्या पायाचे ठरवलं. १९५० च्या विश्वचषकातल्या निर्णायक सामन्यातल्या गोलसाठी गोलकीपर बार्बोसाला मरेपर्यंत बोल लावणारा तो देश. दोन विश्वचषक हरलेल्या प्रशिक्षकाला तो काय माफ करणार?

५

१९९० च्या ऑक्टोबरात साओ पावलो क्लबाने त्यांना बोलावलं. वय ५९. क्लबची अवस्था बिकट. त्यांच्याबद्दल मला जे मुख्य सांगायचं आहे ते इथे सुरू होतं.

बारा फुंदा भागात क्लबचं सरावकेंद्र आहे. तेले तिथल्याच एका खोलीत राहायला गेले. मैदानातलं गवत ते स्वतः पाहायचे. तण दिसलं की उपटायचे. कारण साधं : चेंडू उडाला की पास चुकतो, आणि पास चुकला तर पुढचं सगळं बोलणं व्यर्थ. सरावात पास आणि क्रॉस, पुन्हा पास आणि क्रॉस, राष्ट्रीय संघात खेळणाऱ्यांनाही सुटका नाही. गवई पलटे घोटतो तसे ते खेळाडूंकडून मुळाक्षरं घोटून घ्यायचे. मागून पाय घालणं, अंगावर जाणं त्यांना खपत नसे. पोराने पहिल्या पैशात गाडी घेतली तर तोही त्यांच्या रागाला कारण : आधी घर घे, मग गाडी. चिडके, किरकिरे, कौतुकाला कंजूष. ‘सांबाच्या तालावर खेळणारा ब्राझील’ या जाहिरातीत बसणारा हा माणूस नव्हे.

काफूचं उदाहरण घ्या. लहानपणी अनेक क्लबांनी चाचणीत परत पाठवलेला हा पोरगा. दम अफाट, धाव अफाट, क्रॉस मात्र वाटेल तिथे. तेले यांनी त्याला उजव्या बॅकला खेळवलं आणि सराव संपल्यावर थांबवून क्रॉस मारायला लावले. दिवसेंदिवस. काफू पुढे विश्वचषकाचे सलग तीन अंतिम सामने खेळला, १९९४, १९९८ आणि २००२, आणि शेवटच्या खेपेला कर्णधार म्हणून चषक उंचावला. असं दुसऱ्या कुणालाच जमलेलं नाही.

फळ यायला वेळ लागला नाही. १९९१ ला राष्ट्रीय विजेतेपद. अंतिम फेरीत हरवलं ते ब्रागांतिनोला, ज्याचे प्रशिक्षक होते कार्लोस अल्बर्तो पारेरा, तीन वर्षांनी ब्राझीलला विश्वचषक जिंकून देणारे. १९९२ ला दक्षिण अमेरिकेतली सर्वोच्च क्लब स्पर्धा, लिबेर्तादोरेस. समोर मार्सेलो बिएल्साचा न्यूएल्स, निकाल पेनल्टींवर. पेनल्टींनी मेक्सिकोत नेलेलं घरच्या मोरुम्बी मैदानावर परत दिलं. १९९३ ला तीच स्पर्धा पुन्हा.

१३ डिसेंबर १९९२, टोकियो : दोन खंडांच्या विजेत्या क्लबांचा इंटरकॉन्टिनेंटल चषक. समोर क्रायफचा युरोप विजेता बार्सिलोना : कूमन, लाउद्रुप, स्टोइचकोव्ह, तरुण ग्वार्दिओला. स्टोइचकोव्हने पहिला गोल केला. राईने बरोबरी केली, आणि सामना संपायला दहाएक मिनिटं असताना फ्री किक मिळाली. राईने चेंडू जरासा काफूकडे सरकवला, काफूने तळपायाखाली थांबवला, राईने भिंतीवरून वरच्या कोपऱ्यात घातला. हा राई म्हणजे सॉक्रेटिसचा धाकटा भाऊ.

वर्षभराने पुन्हा टोकियो. युरोप विजेत्या मार्सेयवर बंदी आल्याने युरोपचा उपविजेता मिलान आला होता, कापेलोंचा मिलान, जो पाच महिन्यांनी त्याच बार्सिलोनाला ४-० ने झोपवणार होता. पहिला गोल पाल्हिन्याचा, काफूच्या क्रॉसवर. सरावानंतर थांबून मारलेले ते क्रॉस इथे कामाला आले. मिलानने १-१ केलं. साओ पावलोचा दुसरा गोल केला ३८ वर्षांच्या एका मिडफिल्डरने. त्याचं नाव तोनिन्यो सेरेझो. होय, सारियातला तोच. इटलीत अनेक वर्षं खेळून परतलेल्या या म्हाताऱ्या गड्याला तेले यांनी संघात घेतलं होतं. मिलानने पुन्हा बरोबरी केली, आणि शेवटी सेरेझोनेच लांब टाकलेल्या चेंडूवर गोलकीपर पुढे धावून आला, चेंडू म्युलरच्या टाचेला लागून आत गेला. ३-२. त्या गोलकीपरचं आडनाव योगायोगाने रॉसीच. सामन्याचा मानकरी सेरेझो.

याला काव्यात्म न्याय म्हणायचा मोह होतो. मी तो टाळतो, कारण त्यात पुन्हा नशिबाचा हवाला येतो. तेले यांनी सेरेझोला दया म्हणून घेतलं नव्हतं. ११ वर्षांपूर्वीचा एक पास त्यांनी एक पास म्हणूनच मोजला होता, आणि फाल्कावला जागा करून देणारी ती धावही मोजली होती. शिक्षकाचं काम मला यात दिसतं : विद्यार्थ्याची एक चूक त्याच्या नावाची पाटी होऊ न देणं.

६

१९९६ च्या सुरुवातीला मेंदूच्या रक्तपुरवठ्यात अडथळा आला आणि त्यांचं मैदान सुटलं ते कायमचं. २१ एप्रिल २००६ ला बेलो होरिझोंतेत ते गेले. त्यांचे सहायक मुरिसी रामाल्यो यांनी त्याच वर्षापासून साओ पावलोला सलग तीन राष्ट्रीय विजेतेपदं मिळवून दिली. १९९४ च्या विश्वविजेत्या संघात झेट्टी, काफू, लिओनार्दो, राई, म्युलर, रोनाल्डाव हे सगळे तेले यांच्या हाताखालून गेलेले. त्यांचा झिको २०१४ मध्ये एफसी गोवाचा पहिला प्रशिक्षक होऊन आपल्या शेजारी आला आणि दुसऱ्या हंगामात फातोर्ड्यावर अंतिम सामना खेळून गेला.

कुणी म्हणेल, साओ पावलोला तेले बदलले, शहाणे झाले, म्हणून जिंकले. मला तसं दिसत नाही. संघ तेव्हाही चेंडू जमिनीवरून खेळवत होता, चौघे-पाच जण मिळून हल्ला चढवत होता, प्रतिस्पर्ध्याला पाडत नव्हता. फरक वेळेचा होता. राष्ट्रीय प्रशिक्षकाला खेळाडू काही आठवडे मिळतात, तयार झालेले. क्लबात ते रोज सकाळी समोर उभे असतात. तेले यांच्या पद्धतीला रोजची सकाळ लागत होती. सुंदर खेळ ही ब्राझीलच्या मातीतून आपोआप उगवणारी गोष्ट असती, तर त्यांना तण उपटत बसावं लागलं नसतं.

आपल्याकडे शाळा-क्लबांतून संघ उभे राहतात तेव्हा संघचालक प्रशिक्षकाला पहिला प्रश्न विचारतात : यंदा चषक येणार का? प्रश्न चुकीचा नाही. तेले यांनाही चषक हवेच होते, आणि त्यांनी ते पुष्कळ जिंकले. पण त्यासोबत दुसरा प्रश्नही विचारावा : गेल्या वर्षी या पोराला काय येत नव्हतं, आणि आज काय येतं? पहिल्या प्रश्नाचं उत्तर कॉर्नरवरच्या एका चेंडूने फिरू शकतं. दुसऱ्याचं उत्तर संपूर्णपणे प्रशिक्षकाच्या हातात असतं, म्हणून त्याचा पगार, त्याची मुदत आणि त्याची परीक्षा त्यावर ठरावी. ज्या शिक्षकांच्या नावाने आपण इथे जमलो, त्यांचंही मोजमाप याच प्रश्नाने व्हावं, असं मला वाटतं.